गर्भधारणेच्या उपचारांपूर्वी जास्तीच्या तपासण्या कराव्यात का?

गर्भधारणेसाठी उपचार घ्यायचे ठरल्यावर अनेक दांपत्ये तपासण्यांची लांबलचक यादी घेऊन आमच्या लॅबमध्ये येतात आणि या सगळ्याच कराव्या लागतील का, असे विचारतात. तपासण्या करणे हाच आमचा व्यवसाय असला, तरी या प्रश्नाचे उत्तर दर वेळी होकारार्थी नसते. ते ग्राहकांना स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो आणि त्यासाठीच हे माहितीपत्रक काढले आहे.

प्राथमिक तपासण्यांबद्दल मतभेद नाहीत. स्त्रीबीज नियमितपणे बाहेर पडते का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, सोनोग्राफीत गर्भाशय व अंडाशय कसे दिसतात आणि वीर्यात शुक्राणूंची संख्या व हालचाल पुरेशी आहे का, हे कळल्याशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही. त्यांच्या जोडीला थायरॉइड, रुबेलाची प्रतिकारशक्ती, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी या रक्ततपासण्या सांगितल्या जातात. त्या टाळू नयेत. पत्नीच्या अनेक तपासण्या होऊन गेल्या तरी पतीची वीर्यतपासणी राहून गेलेली आहे, असे आम्हाला वारंवार दिसते. सुईसुद्धा न टोचता होणारी ही तपासणी खरे तर सर्वांत आधी व्हायला हवी.

निर्णयाचा खरा पेच यापुढच्या तपासण्यांबाबत असतो. अशी तपासणी सुचवली गेल्यास, रिपोर्ट नॉर्मल आला तर काय करणार आणि नॉर्मल आला नाही तर वेगळे काय करणार, एवढे डॉक्टरांना विचारावे. दोन्ही उत्तरे सारखीच असतील, तर ती तपासणी तूर्त थांबवायला हरकत नसते. उदाहरणार्थ, गर्भनलिकेत पाणी साठून ती फुगलेली आढळली, तर आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, गर्भ रुजण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि आधी ती नलिका काढल्यास किंवा बंद केल्यास यशाचे प्रमाण सुधारते. येथे रिपोर्टमुळे पुढचे पाऊलच बदलते. याउलट, सोनोग्राफी नॉर्मल असूनही पहिल्या आयव्हीएफपूर्वी सरसकट दुर्बिणीने गर्भाशय तपासल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, असे 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसून आले.

रक्तातील एनके पेशींची (रोगप्रतिकारक यंत्रणेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) तपासणी आणि गर्भाशयाच्या अस्तराची ग्रहणक्षमता, म्हणजे गर्भ रुजवून घेण्याची तयारी, पाहणारी तपासणी यांबद्दल ग्राहक विशेष आशेने विचारतात. ती आशा आम्हाला समजते, कारण गर्भ का राहत नाही हे सापडत नसले की कोणतेही उत्तर हवेसे वाटते. मात्र युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार या दोन्ही तपासण्या नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून करू नयेत. गर्भाशयातील एनके पेशी रक्तातल्या पेशींपेक्षा निराळ्या असतात, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून गर्भाशयातील स्थितीचा अंदाज बांधता येत नाही.

जास्तीची तपासणी केल्याने नुकसान तर काही नाही, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्णपणे खरे नाही. अनेक तपासण्यांची नॉर्मल मर्यादा अशी आखलेली असते की शंभरांपैकी सुमारे पाच निरोगी व्यक्ती तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एखाद्या निरोगी व्यक्तीच्या केल्या, तर निदान एक रिपोर्ट मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते, आणि मग त्या एका आकड्यामागे धावण्यात उपचारांचे महिने निघून जातात. वीर्यतपासणीत जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेली 1 कोटी 60 लाख शुक्राणू प्रति मिलिलिटर ही खालची मर्यादादेखील, ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांच्या मोजणीवरून ठरलेली आहे, आणि त्या पुरुषांपैकीही पाच टक्के या मर्यादेखालीच होते. पत्नीचे वय 35 च्या पुढे असल्यास वाट पाहण्याची किंमत अधिक मोजावी लागते, म्हणून अशा वेळी कोणती तपासणी उपचारांबरोबरच उरकता येईल, हेही विचारून घ्यावे.

काही परिस्थितींत मात्र जास्तीच्या तपासण्या आग्रहाने कराव्यात. वारंवार गर्भपात झाले असतील तर रक्ताच्या गुठळ्या होण्यास कारणीभूत ठरू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची, शुक्राणू 50 लाख प्रति मिलिलिटरहून कमी असतील किंवा अजिबात नसतील तर पतीच्या गुणसूत्रांची, आणि कुटुंबात थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर दोघांचीही वाहक तपासणी (स्वतःला आजार नसला तरी तो मुलाकडे जाऊ शकतो का, हे पाहणारी) करून घेणे योग्य ठरते. अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच या हार्मोनच्या तपासणीचा उपयोग औषधांना अंडाशय कितपत प्रतिसाद देतील, याचा अंदाज घेण्यासाठी होतो. आकडा कमी आला म्हणून नैसर्गिक गर्भधारणा होणारच नाही, असा अर्थ कृपया काढू नये.

जी तपासणी करायची ठरेल, ती मात्र नीट व्हावी. वीर्याच्या नमुन्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा. नमुना घरून आणायचा असल्यास तो अंगाच्या उबेजवळ ठेवून तासाभरात पोहोचवावा आणि त्याचा थोडासुद्धा भाग सांडला असल्यास न संकोचता सांगावे, कारण बहुतेक शुक्राणू पहिल्याच भागात असतात. गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही कळवावे. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागत असल्याने तापाचा परिणाम बराच काळ दिसत राहतो, आणि कमी आलेला रिपोर्ट पक्का मानण्यापूर्वी ही तपासणी पुन्हा करावी लागते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास थायरॉइड व इतर हार्मोनचे आकडे चुकीचे येऊ शकतात, तर गर्भनिरोधक गोळ्यांमुळे एएमएच कमी दिसू शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे नमुना देतानाच सांगावीत. जुने रिपोर्ट असल्यास सोबत आणावेत. अलीकडे झालेली एखादी तपासणी यादीत पुन्हा आलेली दिसली, तर नमुना घेण्यापूर्वी आम्ही आपल्या डॉक्टरांना फोन करून तिची गरज विचारून घेतो.