जीपचा पत्रा हाही अँटेनाच

ऑफ-रोडिंगच्या फोटोंत अँटेना बहुतेक वेळा पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर दिसतो. लांबलचक, वाऱ्यावर झुलणारा आणि दिसायला मोठा रुबाबदार. पण घाटात मोबाइलची रेंज गेली, पुढच्यामागच्या गाड्यांशी बोलायला रेडिओशिवाय काही उरलं नाही, की या रुबाबाची किंमत कळते. सेट महागडा असूनही मागच्या गाडीचा आवाज खरखरीत बुडून जातो. मग दोष सेटला दिला जातो किंवा जास्त वॅटचा सेट आणला जातो. अँटेना लावला कुठे, हा विचार सगळ्यात शेवटी होतो.

तो आधी करायचा, कारण गाडीवर उभी केलेली सळई म्हणजे अख्खा अँटेना नव्हेच. हाइनरिश हर्ट्झने रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा त्याच्या यंत्राला समोरासमोर दोन भुजा होत्या. प्रवाह एकीत शिरला की दुसरीतून उलटा वाहायचा, आणि या झुलण्यातून लहर बाहेर पडायची. मार्कोनीने 1895 मध्ये एक भुजा हवेत उभी केली आणि दुसरीच्या जागी थेट जमीन जोडली. जीप टायरवर उभी असते, तिला जमीन अशी जोडता येत नाही. तिथे दुसरी भुजा होतो तो गाडीचा पत्रा. केबलच्या मधल्या तारेतून जेवढा प्रवाह सळईत चढतो, तेवढाच केबलच्या जाळीवाटे सळईच्या बुडाशी पत्र्यावर पसरतो. म्हणून जागा निवडताना आपण खरं तर अँटेनाच्या उरलेल्या निम्म्या भागाचा आकार ठरवत असतो.

हा पत्रा किती हवा, ते लहरीच्या लांबीवर ठरतं. भारतातले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, गाडीत सहसा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. (त्यासाठी परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो.) 145 मेगाहर्ट्झला एक लहर साधारण 2 मीटर 7 सेंटिमीटर लांब असते. तिचा चौथा भाग, म्हणजे जेमतेम अर्धा मीटर, ही सळईची लांबी. सळईच्या बुडापासून चहूबाजूंना तेवढाच पत्रा मिळाला की काम चोख होतं. जीपचा पत्र्याचा टप सव्वा मीटरच्या आसपास रुंद असतो. त्याच्या मध्यभागी सळई लावली तर सगळीकडे पुरेसा पत्रा मिळतो आणि लहर सगळ्या दिशांना जवळपास सारखी जाते. शिवाय आजूबाजूला आडवं येणारं काहीच नसतं. विजेच्या हिशेबाने टपाच्या मधोमध यापेक्षा चांगली जागा गाडीवर नाही, यात वाद नाही.

आता हाच अँटेना बंपरवर नेऊ. काय होईल, हे फ्रिक्वेन्सीवर अवलंबून आहे, आणि इथेच बरेच सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटू लागतात. अमेरिकेत जीपवाल्यांकडे वर्षानुवर्षं 27 मेगाहर्ट्झचे सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ पट्टा) सेट आहेत. तिथली लहर 11 मीटरची, म्हणजे पाव लहर पावणेतीन मीटर. एवढी सळई अर्ध्या मीटरच्या सळईएवढ्या सहजपणे कुठे मावत नाही, आणि तिच्याभोवती सगळीकडे पावणेतीन मीटर पत्रा तर कुठल्याच जीपवर मिळत नाही. त्यामुळे सगळी गाडीच लहर सोडायच्या कामाला लागते आणि लहर पत्रा ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला झुकते. मागच्या डाव्या कोपऱ्यावर सळई लावली तर जोर पुढे उजवीकडे जातो.

ऑस्ट्रेलियात याउलट 477 मेगाहर्ट्झचा यूएचएफ सीबी चालतो, आणि तिथल्या फोर-बाय-फोर गाड्यांवर अँटेना सर्रास पुढच्या बुलबारवर (बंपरवरच्या लोखंडी दांड्यांच्या चौकटीवर) असतो. तिथे लहर 63 सेंटिमीटरची. एवढ्याशा लहरीपुढे जीपची केबिन म्हणजे भिंतच. सळईचा टपाखाली राहिलेला भाग मागे नीट पोहोचत नाही, म्हणजे ताफ्यात सगळ्यात पुढे असलेल्या गाडीला ज्या दिशेला बोलायचं असतं, नेमकी तीच दिशा आंधळी होते. सळई टपाच्या वर डोकावेल एवढी उंच केली की हा त्रास बराच कमी होतो. बुलबारवरचे ऑस्ट्रेलियन अँटेना लांब असतात, त्याचं हेही एक कारण.

उंचीचा हिशेबही टपाच्याच बाजूने लागतो. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं, तर अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन त्याला 4.12 ने गुणायचं. बंपरवर 1 मीटर उंचीला ते 4 किलोमीटरच्या थोडं पुढे जातं, टपावर 2 मीटरला 5.8 किलोमीटर. दोन्ही गाड्यांचा अँटेना वर असेल तर साडेअकरा किलोमीटर. डोंगरात हे आकडे अर्थातच कोसळतात. मध्ये कडा आला की कसलं वर्गमूळ आणि कसलं काय.

डोंगराची आणखी एक गंमत आहे. जास्त 'गेन'चा अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही. तो आकाशाकडे आणि जमिनीकडे जाणारी लहर आवळून क्षितिजाच्या दिशेने दाबतो, थाळीसारखी चपटी करतो. ऑस्ट्रेलियाच्या सपाट वाळवंटात ते सोन्यासारखं आहे. पण जीप 25 अंशांनी एका बाजूला कललेली असेल, किंवा समोरची गाडी तीनशे मीटर वर वळणावर असेल, तर ती चपटी लहर भलतीकडेच जाते. म्हणून तिथले जाणकार सपाटीला साडेसहा डीबीआय (हे गेनचं माप) गेनचा लांब अँटेना घेतात आणि डोंगरात तीनच्या आसपासचा आखूड. सह्याद्रीसाठी माझं मत स्पष्ट आहे: टपाच्या मधोमध अर्ध्या मीटरची साधी सळई. बंपरवरच्या लांब देखण्या दांड्यापेक्षा ती मला केव्हाही परवडते.

तरीही लोक टप टाळतात, आणि त्यांची कारणं खरी आहेत. जंगलातल्या वाटेवर फांद्या टपावरचं सगळं झोडपून काढतात. तळघरातल्या पार्किंगमध्ये अर्धा मीटर जास्तीची उंची नडते. टपाला 19 मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. फांद्यांसाठी बुडाशी स्प्रिंग असलेली सळई मिळते. भोक नको असेल तर चुंबकाची बैठक. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर असतो, तरी तिथे एक कपॅसिटर तयार होतो आणि 145 मेगाहर्ट्झचा प्रवाह त्यातून आरामात पार होतो. 27 ला मात्र तो अडखळतो. चुंबकाला लोक नावं ठेवतात. मला तो फ्यूजसारखा वाटतो, फांदी जोरात लागली तर पत्रा फाटण्याऐवजी अँटेना निसटतो. पण जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचे बहुतेक पत्रे अॅल्युमिनियमचे, त्याला चुंबक चिकटणारच नाही. तिथे भोक पाडावंच लागतं किंवा ब्रॅकेट लावावी लागते. चांगली गोष्ट ही की दुसरी भुजा म्हणून अॅल्युमिनियम उत्तम काम करतं.

कापडी छताच्या जिप्सीला किंवा थारला टपाचा पत्राच नाही. तिथे अर्ध्या लहरीचा, म्हणजे 145 ला सुमारे एक मीटरचा अँटेना घ्यावा. त्यात सर्वांत जास्त प्रवाह सळईच्या मध्यावर असतो आणि बुडाशी अगदी कमी, त्यामुळे खालच्या पत्र्याची फारशी गरज पडत नाही. तो रोल केजच्या (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याच्या) वर निघेल असा लावावा. केजच्या उभ्या पाइपाला खेटून नको. सळईला समांतर आणि जवळ असलेला कुठलाही धातू, मग ती मागची शिडी असो वा टपावर उभा बांधलेला जेरीकॅन, अँटेनाचं ट्यूनिंग बिघडवतो आणि लहर एका बाजूला ढकलतो. मागच्या दारावरच्या स्टेपनीजवळ ब्रॅकेट लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बॉनेटच्या कडेची ब्रॅकेट हा मधला मार्ग. पण बॉनेट बिजागरांवर रंग आणि ग्रीस यांच्या आधाराने टेकलेलं असतं. बॉडीशी त्याचा वीजसंपर्क कच्चा असू शकतो. एक रुंद विणलेली तांब्याची पट्टी रंग खरवडून दोन्ही टोकांना बोल्टने घट्ट केली की काम होतं. शिवाय इंजिन जवळ असल्याने पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची टकटक आणि अल्टरनेटरची शीळ जास्त ऐकू येते. टपावर हा त्रास कमी, पण तिथे आता सगळ्यांनी एलईडी लाइट बार बसवलेले असतात. त्यांच्यातली वीज बदलणारी स्वस्त सर्किटं रात्री दिवे लावले की रेडिओत खरखर ओततात. अँटेना त्या बारपासून जमेल तेवढा लांब ठेवावा.

केबलही जागेबरोबरच निवडली जाते. साध्या आरजी-58 केबलचे पाच मीटर 145 मेगाहर्ट्झला सुमारे एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती खातात. 477 ला जवळपास दुप्पट डेसिबल. दारात चेपलेली केबल आणखी खाते, आणि आपल्याकडच्या पावसात जोडातून पाणी शिरलं की आतली तांब्याची जाळी काळी पडते. जोडावर रबरी टेप गुंडाळावा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

जाता जाता, नारायणगावजवळून नाणेघाट-माळशेजकडे जाणाऱ्यांसाठी: खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि 145 मेगाहर्ट्झ तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येतं. त्या परिसरात बोलायचं बटण न दाबलेलं बरं.

शेवटी मोजमाप. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून बघावं: 1.5 पर्यंत उत्तम, 2 ला 11 टक्के शक्ती परत फिरते, 3 ला 25. दारं लावून, टपावर सामान बांधून, जसं प्रवासात असेल तसंच मोजायचं. पण मीटर चांगला आला म्हणजे जागा चांगली असं नाही, कारण लहर कुठल्या बाजूला जाते हे तो सांगत नाही. त्यासाठी मोकळं मैदान आणि काही किलोमीटरवर एक मित्र हवा. सेट कमी वॅटवर ठेवून गाडी हळूहळू गोल फिरवायची आणि मित्राने त्याच्या सेटवरचा सिग्नल मीटर वाचत जायचं. ज्या दिशेला काटा पडतो, त्या बाजूला सळईच्या आड नेमकं काय येतंय ते मग खाली उतरून शोधायचं.