थ्रेड सुरू करणं सोपं, संपवायचं कुणी?

पायथनच्या स्क्रिप्टचं काम संपतं, शेवटची ओळ छापून होते, तरी प्रॉम्प्ट काही परत येत नाही. इंदुरात विजयनगरच्या ऑफिसांत किंवा सुपर कॉरिडॉरवर नव्याने लागलेली आपली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेक वेळा कुठलातरी थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला समांतर चालणारा कामाचा धागा, रिकाम्या क्यूमधून (कामांच्या रांगेतून) काहीतरी मिळेल म्हणून गेट ही मेथड चालवून वाट बघत बसलेला असतो. तो डेमन, म्हणजे मागे सोडून देता येणारा, नसतो, म्हणून इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) त्याच्यासाठी थांबतो. कंट्रोल-सी दाबलं की ट्रेसबॅकमध्ये (एररच्या तपशिलात) थ्रेडिंग मॉड्यूलचं नाव दिसतं, तेव्हा कुठे उलगडा होतो.

कामाच्या फांद्या फोडायच्या आणि पुढे त्या जुळवून घ्यायच्या, ही फोर्क-जॉइनची मांडणी मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली केली. १९९५ च्या पॉझिक्स या युनिक्स-धर्तीच्या सिस्टिमच्या प्रमाणात थ्रेडसाठी क्रिएट, जॉइन (तो संपेपर्यंत थांबणं), डिटॅच (तो मोकळा सोडणं) आणि कॅन्सल अशी पुरी सोय आली. पायथनच्या सुरुवातीच्या मॉड्यूलमध्ये मात्र थ्रेड सुरू करता यायचा, त्याला जॉइन करायची सोयच नव्हती. मुख्य थ्रेड संपला की बहुतेक सिस्टिमवर बाकीचे जागच्या जागी मरायचे, शेवटची आवराआवर करणारा फायनली ब्लॉकसुद्धा न चालवता. लोक मग शेवटी स्लीप टाकून वेळ मारून नेत.

पुढे आलेलं थ्रेडिंग मॉड्यूल जावाच्या धर्तीवर बेतलं होतं. पण थ्रेडला बाहेरून मारायची सोय त्यात घेतली नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं होतं. जावाने स्वतःच १९९८ मध्ये, १.२ आवृत्तीत, स्टॉप ही मेथड टाळा असं सांगितलं: थ्रेड मध्येच मेला की सामायिक डेटावर त्याने लावलेली कुलपं सुटतात आणि अर्धवट बदललेला डेटा इतरांच्या हाती पडतो. रुबीने किल ठेवलं. तिथे मुख्य थ्रेड संपला की उरलेले सगळे आपोआप मारले जातात.

पर्लची तऱ्हा आणखी वेगळी. २००२ च्या ५.८ पासून तिथे प्रत्येक नव्या थ्रेडला अख्ख्या इंटरप्रिटरची, त्यातल्या डेटासकट, प्रत मिळते. मुद्दाम शेअर केलेलं तेवढंच सामायिक. मेमरी अर्थातच भरमसाट लागते. पण पर्ल हिशेब चोख ठेवतो. थ्रेड मागे ठेवून प्रोग्राम संपला तर तो इशारा देताना तीन आकडे छापतो: चालू पण जॉइन न झालेले, संपलेले पण जॉइन न झालेले, आणि चालू पण डिटॅच केलेले. इतकं स्पष्ट पायथन आजही सांगत नाही. तरीही पर्लच्याच दस्तऐवजात आता हे थ्रेड वापरू नका असा सल्ला आहे.

अडून बसणाऱ्या थ्रेडवर पायथनने काढलेली तोड म्हणजे डेमन थ्रेड: ज्याच्यासाठी इंटरप्रिटर थांबत नाही. त्याची किंमत प्रोग्राम बंद होताना कळायची. निम्मं आवरून झालेल्या इंटरप्रिटरमध्ये असा थ्रेड जागा झाला की नीट चाललेल्या प्रोग्रामच्या शेवटी विचित्र एरर यायच्या. त्याची डागडुजी अजून चालूच आहे. २०२० च्या ३.९ मध्ये कॉन्करंट फ्युचर्स या मॉड्यूलच्या पूलमधले (कामांसाठी राखून ठेवलेले) थ्रेड डेमन राहिले नाहीत. २०२३ च्या ३.१२ पासून इंटरप्रिटर बंद होत असताना नवा थ्रेड सुरू केला तर रनटाइम एरर येते. ३.१४ मध्ये तर असा उशिरा जागा झालेला थ्रेड संपवण्याऐवजी कायमचा लटकवून ठेवतात, कारण तिथे त्याला संपवणं सी प्लस प्लसच्या कोडला धोक्याचं ठरत होतं.

जीआयएलशिवायचं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणाऱ्या कुलपाशिवायचं, पायथन २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं. थ्रेड मारायची मेथड त्यातही नाही. थांब असं सांगणारा इव्हेंट (खूण) लावायचा किंवा क्यूमध्ये नन (पायथनचं 'काहीच नाही' हे मूल्य) टाकायचा, आणि मग जॉइन करायचं, हीच रीत चालू आहे. टाइमआउट (थांबायची कमाल वेळ) देऊन जॉइन केलं तर थ्रेड संपला असो वा नुसती वेळ संपली असो, ते दोन्ही वेळा ननच परत देतं. थ्रेड खरंच संपला का, हे इज-अलाइव्ह या मेथडला वेगळं विचारावं लागतं.