टोनीचा गेम झाला का? ‘द सोप्रानोज’च्या शेवटामागचा इतिहास

१० जून २००७, रविवारची रात्र. अमेरिकेत सुमारे १ कोटी १९ लाख लोक एचबीओ वाहिनीवर ‘द सोप्रानोज’चा शहाऐंशीवा आणि शेवटचा भाग बघत होते. न्यू जर्सीतल्या एका साध्याशा आइस्क्रीम पार्लरमध्ये माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो घरच्यांची वाट बघत बसलाय. बायको कार्मेला आली, मुलगा एजे आला. मुलगी मेडो बाहेर रस्त्याकडेला गाडी लावायची खटपट करतेय, काही केल्या तिला ती नीट लावता येत नाहीये. टेबलावर कांद्याच्या रिंग्ज. ज्यूकबॉक्समध्ये जर्नी या बँडचं १९८१ सालचं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’’. दारावरची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. गाणंही ‘डोन्ट स्टॉप’ या शब्दांवरच तुटतं. पुढचे दहाएक सेकंद ना चित्र, ना आवाज. मग संगीताशिवाय श्रेयनामावली सरकू लागते.

नेमकी आत्ताच केबल गेली, असं असंख्य घरांत वाटलं. केबल शाबूत आहे हे कळल्यावर वादाला तोंड फुटलं, ते आजतागायत मिटलेलं नाही. एक गट म्हणतो, टोनी मेला, हे दिसत कसं नाही? दुसरा म्हणतो, मेला असता तर दाखवला असता. तिसरा गट चिडलेला: आठ वर्षं जीव लावून बघितलं आणि आमच्या हाती काय, तर काळा पडदा?

या भांडणाचं मूळ त्या दहा सेकंदांत शोधून सापडत नाही. ते बरंच मागे आहे, मालिकेच्या आधीच्या आठ वर्षांत आणि त्याहून आधीच्या चाळीस वर्षांत.

अमेरिकी टीव्हीवर सुरुवातीची कित्येक वर्षं मालिकेला शेवट असा नसायचाच. दर आठवड्याला नवी भानगड, तासाभरात तिचा निकाल, आणि प्रेक्षक आटले की एके दिवशी मालिका बंद. नायकाचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नसे आणि फारसं कुणी विचारतही नसे. ही सवय ‘द फ्युजिटिव्ह’ने मोडली. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर रिचर्ड किंबल चार वर्षं पळत होता, एका हाताच्या खुन्याला शोधत होता. २९ ऑगस्ट १९६७ला त्याचा शोध संपला, खुनी सापडला, डॉक्टर सुटला. ते बघायला सुमारे ७ कोटी ८० लाख लोक टीव्हीपुढे बसले होते. शेवट हाच मोठा सोहळा होऊ शकतो, हे वाहिन्यांना कळलं. प्रेक्षकांना कळलं ते अधिक महत्त्वाचं: इतकी वर्षं सोबत केली की हिशेब मिळतो. १९८३ साली ‘मॅश’च्या निरोपाला १० कोटींहून जास्त लोक जमले तेव्हा ही अपेक्षा हक्कच बनून गेली.

हा हक्क नाकारणारे तेव्हाही होते. ब्रिटनमध्ये ‘द प्रिझनर’ ही सतरा भागांची मालिका फेब्रुवारी १९६८मध्ये संपली. सहा नंबर एवढीच ओळख असलेला कैदी, त्याला जिथे डांबलंय त्या गावाचा सूत्रधार ‘नंबर एक’ कोण, हे शोधत असतो. शेवटी मुखवटा ओढतो तर खाली माकडाचा मुखवटा, आणि त्याखाली त्याचा स्वतःचाच चेहरा. लेखक, दिग्दर्शक आणि नायक पॅट्रिक मॅकगूहन याने पुढे सांगितलं की लोक इतके खवळले होते की त्याला काही काळ लपून राहावं लागलं. १९८८मध्ये ‘सेंट एल्सव्हेअर’ने सहा पर्वं चाललेलं रुग्णालय एका स्वमग्न मुलाच्या हातातल्या काचेच्या गोळ्यात बसवून टाकलं: सगळं त्याच्या कल्पनेतलंच निघालं.

या परंपरेतलं सर्वांत जवळचं नातं मात्र ‘ट्विन पीक्स’शी आहे. लॉरा पामरला कुणी मारलं, या एका प्रश्नावर १९९०मध्ये सारा देश खिळला होता. मालिकेचे कर्ते डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांना उत्तराची घाई नव्हती, एबीसी वाहिनीला होती. दुसऱ्या पर्वात खुनी उघड करावा लागला आणि प्रेक्षक ओसरले. मूळ मालिकेचा अखेरचा भाग लागला १० जून १९९१ला. त्यात नायक आरशात बघतो आणि समोर दिसतो तो त्याच्यातला सैतान. तिथेच मालिका थांबते. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, टोनीने मान वर केली. तारखेचा हा निव्वळ योगायोग असावा, पण ‘सोप्रानोज’चा निर्माता डेव्हिड चेस याने ‘ट्विन पीक्स’चं ऋण अनेकदा मान्य केलंय. एवढं गूढ टीव्हीला पेलतं, हे त्याने तिथे पाहिलं. उत्तर देऊन टाकल्यावर काय होतं, तेही तिथे दिसलंच होतं.

चेसचा जन्म १९४५चा, इटालियन घरातला. मूळ आडनाव डी चेझारे. वाढला उत्तर न्यू जर्सीत. न्यू जर्सी म्हटलं की आपल्याकडे एडिसन डोळ्यांपुढे येतं, देसी किराणा, मराठी मंडळाचा गणपती, आयटीतली भाचरं. टोनीची न्यू जर्सी त्याच्या थोडी उत्तरेला, नुअर्क आणि आसपासची. चेसला सिनेमे करायचे होते; आयुष्य गेलं ते ‘द रॉकफर्ड फाइल्स’, ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ अशा मालिकांत. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. तिथे जाहिरातीपूर्वी उत्कंठा लागते, नंतर गाठ सुटते, आणि बघणाऱ्याला अस्वस्थ ठेवून झोपायला पाठवायचं नसतं. ‘सोप्रानोज’ची संहिता फॉक्स वाहिनीने परत केली, इतरांनीही नाकारली. घेतली ती एचबीओने. तिथे जाहिराती नाहीत. प्रेक्षक महिन्याचे पैसे भरतो. पहिला भाग १० जानेवारी १९९९ला लागला. हा आर्थिक फरक मला कळीचा वाटतो. साबणवाल्याला खूश ठेवायचं नसेल तरच शेवटचे दहा सेकंद रिकामे सोडता येतात.

प्रेक्षकांची परीक्षा तर चेस पहिल्यापासून घेत होता. तिसऱ्या पर्वात, मे २००१मध्ये, ‘पाइन बॅरन्स’ नावाचा भाग लागला. टोनीची दोन माणसं, पॉली आणि क्रिस्टोफर, एका रशियनाला मारून पुरायला बर्फाळ जंगलात नेतात. तो निसटतो. त्याला गोळी लागल्याचं दिसतं आणि पुढच्या क्षणी माणूस गायब. झाडावर नाही, बर्फावर नाही, पावलांच्या खुणाही संपलेल्या. पुढली सहा वर्षं लोक विचारत राहिले: रशियनाचं काय झालं? चेसने ते कधीच सांगितलं नाही. बारीकसारीक प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलाच पाहिजे का, असा त्याचा उलटा सवाल. त्याच पर्वात टोनीची मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फी हिच्यावर बलात्कार होतो. पुरावा हाताळण्यातल्या तांत्रिक चुकीमुळे गुन्हेगार सुटतो. टोनीला नुसतं सांगितलं तरी त्याचा फडशा पडेल, हे तिला ठाऊक आहे. ती सांगत नाही. सूडासाठी आसुसलेला प्रेक्षक रिकाम्या हातांनी उठला. त्या रात्री जे लोक चेसवर भडकले आणि जे नतमस्तक झाले, २००७मध्ये साधारण तेच दोन तट पुन्हा समोरासमोर उभे राहिले, असं माझं मत आहे.

आता त्या पार्लरकडे. हे दृश्य ब्लूमफिल्ड गावातल्या होल्स्टन्समध्ये, खऱ्या दुकानात चित्रित झालंय, आणि मृत्यूची बाजू मांडणाऱ्यांचा युक्तिवाद त्याच्या जुळणीवर, म्हणजे संकलनावर, उभा आहे. घंटी वाजते, टोनी दाराकडे बघतो, मग टोनीला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. ही लय पुन्हा पुन्हा येते. शेवटच्या खेपेला घंटी वाजते, टोनी बघतो आणि त्याला जे दिसायला हवं त्या जागी काळोख येतो. म्हणजे त्याला दिसलं ते हेच. जोडीला एप्रिल २००७चा भाग: तळ्यात, होडीत बसून टोनीचा मेहुणा बॉबी म्हणतो की बहुधा ती वेळ येते तेव्हा आवाजसुद्धा ऐकू येत नसावा. उपांत्य भागात टोनीला हे वाक्य पुन्हा आठवताना दाखवलंय. विनाकारण कोण दाखवेल? शिवाय ‘मेंबर्स ओन्ली’ या ब्रँडचं जॅकेट घातलेला तो अनोळखी माणूस. तो एजेच्या पुढेच आत येतो, काउंटरवर बसतो, टोनीकडे कटाक्ष टाकतो आणि त्याच्या बाजूने शौचालयात जातो. ‘गॉडफादर’मध्ये मायकल शौचालयातून पिस्तूल घेऊन येतो आणि हॉटेलात दोघांना उडवतो. सहाव्या पर्वात एजे बापाला सुनावतो की आइस्क्रीमचा वाडगा घेऊन तू हा सीन बघतोस आणि तुझा सर्वांत आवडता सीन म्हणून सांगतोस. आणि शेवट घडतो तो आइस्क्रीम पार्लरमध्ये. आपल्या मुंबईच्या भाषेत, टोनीचा गेम झाला.

दुसरी बाजूही कच्ची नाही. टोनीचा वैरी फिल लिओटार्डो याच भागात पेट्रोल पंपावर मारला गेलाय, न्यूयॉर्कवाल्यांशी तह झालाय. मग मारेकरी पाठवेल कोण? खरा धोका वेगळा आहे. टोनीचाच माणूस कार्लो पोलिसांना फुटलाय, आणि वकिलाच्या अंदाजाने टोनीवर आरोपपत्र येण्याची शक्यता ८० ते ९० टक्के. जॅकेटवाला कदाचित लघवीलाच गेला असेल. टोनीच्या आयुष्यात कुठलीही घंटी वाजली तरी मान वर करावी लागते, शिक्षा तीच आहे, आणि ती पुढेही चालू राहील. तिसरं एक म्हणणं फार बोचरं आहे: गेम झाला तो प्रेक्षकाचा. आठ वर्षं चोरून बघणाऱ्या डोळ्यांवर पडदा पडला.

या दृश्यातलं एक वाक्य मात्र या वादात हरवून जातं, त्याची मला हळहळ वाटते. चांगले क्षण लक्षात ठेवायचे असं तूच एकदा म्हणाला होतास ना, असं एजे बापाला म्हणतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी, वादळी रात्री मित्राच्या हॉटेलात मेणबत्त्यांच्या उजेडात, टोनीने मुलांना तेच सांगितलं होतं. बापाला स्वतःला ते आठवत नसतं. मग कांद्याच्या रिंग्ज, प्रत्येकाच्या तोंडात एकेक अख्खी, चर्चमधल्या प्रसादासारखी. माणूस मेला की जगला हे शोधताना आपण या टेबलाकडे बघायचंच राहून जातो.

चेस शेवटच्या भागाच्या रात्री फ्रान्समध्ये होता. त्याने एकच मुलाखत दिली, न्यू जर्सीच्या ‘स्टार-लेजर’चे समीक्षक ॲलन सेपिनवॉल यांना. हे तेच वर्तमानपत्र, जे उचलायला टोनी झोपेच्या झग्यात अंगणात येत असे. समजावणं, समर्थन करणं, भर घालणं यांत आपल्याला रस नाही, एवढं सांगून त्याने विषय मिटवला. काही महिन्यांनी मात्र मनातली सल बोलून दाखवली: आठ वर्षं या माणसाला खून करताना बघून टाळ्या पिटल्या, आणि अखेरीस त्याच्याच रक्ताची तहान लागली, हे केविलवाणं आहे. चिडलेल्या प्रेक्षकांवर हा आरोप थोडा अन्यायाचा आहे. सगळ्यांना रक्त नको होतं. अनेकांना निरोप हवा होता, आणि ‘फ्युजिटिव्ह’पासून टीव्हीनेच तो देऊ केला होता.

पुढे तपशील झिरपत गेले. ऑगस्ट २०१४मध्ये एका लेखात टोनी मेलेला नाही असं चेस म्हणाल्याचं छापून आलं. त्याच्या वतीने लगेच खुलासा झाला की संदर्भ तोडला आहे, जिवंत की मृत हा मुद्दाच नाही. २०१९मध्ये सेपिनवॉल आणि मॅट झोलर साइट्झ यांच्याशी गप्पा मारताना त्याच्या तोंडून ‘मृत्यूचं दृश्य’ असा शब्द निघून गेला. हे ध्यानात आणून दिल्यावर थोडी शांतता, आणि मग चेसची शिवी. २०२१मध्ये त्याने जवळजवळ कबूलच केलं. आधीच्या कल्पनेत टोनी लिंकन बोगद्यातून न्यूयॉर्कला, मरणाच्या दिशेने जाणार होता. नंतर एकदा गाडीतून जाताना चेसला न्याहारीचं एक साधंसं टपरीवजा हॉटेल दिसलं आणि वाटलं, टोनीचा शेवट अशा ठिकाणी व्हावा.

मला विचाराल तर, टोनी मेला असंच जुळणी सांगते. तरीही या कबुलीने काही मिळालं नाही, उलट काहीतरी गेलं. चौदा वर्षं लोक पडद्याकडे बघून भांडत होते, घंटी कितीदा वाजली ते मोजत होते. कबुलीनंतर मुलाखतीचा दाखला दिला की वाद तिथेच संपवता येतो.

आणि टोनी? ती भूमिका करणाऱ्या जेम्स गँडोल्फिनीने २०१२मध्ये सांगितलं की शेवट पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याच्या तोंडूनही शिवीच बाहेर पडली. एवढं सगळं सोसलं, एवढे मृत्यू, आणि हे असं संपतं? मग एक झोप काढली, पुन्हा विचार केला, आणि म्हणाला, हे अगदी अचूक आहे.

१९ जून २०१३ला रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, ५१व्या वर्षी. होल्स्टन्सने त्या टेबलावर ‘राखीव’ची पाटी ठेवली. मार्च २०२४मध्ये झिजलेली जुनी आसनं बदलताना ते टेबल आणि दोन्ही बाजूंची बाकं ऑनलाइन लिलावात काढली. ८२,६०० डॉलरना विकली गेली.