देसाईगंज प्रकरण आणि बलात्काराच्या कायद्यातील संमतीचा प्रश्न

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील बलात्काराची व्याख्या शंभराहून अधिक वर्षे फारशी बदलली नाही. वाद पेटला तो संमतिवयावरून, म्हणजे ज्या वयाखाली मुलीची संमती कायद्याने ग्राह्य धरली जात नाही त्यावरून, आणि १८९१ मध्ये ते दहावरून बारा करताना पुण्यातून झालेला विरोध सर्वपरिचित आहे. संमती होती की नाही हे न्यायालयाने कशावरून ठरवायचे, हा प्रश्न मात्र ऐरणीवर आला तो देसाईगंजच्या प्रकरणामुळे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या या गावच्या पोलीस ठाण्यात, भावाच्या फिर्यादीवरून जबाबासाठी आणलेल्या एका आदिवासी मजूर मुलीला थांबवून घेण्यात आले आणि नातेवाइकांना बाहेर पाठवण्यात आले. एका शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्या पोलिसाने अत्याचाराचा प्रयत्न केला, असा आरोप होता. तिचे वय सोळाच्या, म्हणजे तेव्हाच्या संमतिवयाच्या, खाली असल्याचे सिद्ध झाले नाही असे सत्र न्यायालयाने ठरवले. त्यामुळे सारा खटला संमतीवर येऊन ठेपला. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, हेही तिच्याविरुद्ध धरले गेले आणि १९७४ मध्ये आरोपी सुटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड, अनोळखी पोलिसांपुढे भीतीपोटी हतबल होणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सूत्र होते. या साऱ्या प्रकरणात मुलीची परिस्थिती खऱ्या अर्थाने विचारात घेतली गेली ती इथेच. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्तता केली: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याची कहाणी विश्वासार्ह नाही, आणि कलमाला अपेक्षित असलेली भीती जिवाची किंवा इजेची हवी, ती येथे दिसत नाही. वर्दीचा धाक या मोजमापात बसलाच नाही.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि पुढील वर्षी मुंबईसह अनेक शहरांत महिला रस्त्यावर उतरल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराची शिक्षा वाढवली, पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवला आणि अशा खटल्यांत संबंध सिद्ध झाल्यावर तिने ‘संमती नव्हती’ असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद केली. पण हे गृहीतक कोठडी, सामूहिक बलात्कार अशा मोजक्या प्रकारांपुरतेच राहिले. पीडितेचे चारित्र्य सर्वसाधारणपणे अनैतिक आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा तर पुराव्याच्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत होती, हे अधिक धक्कादायक आहे.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर व्याख्या विस्तारली, संमतीचे वय अठरा झाले आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे कलमातच लिहिले गेले. पीडितेला शरीरसंबंधांची सवय आहे का हे पाहण्यासाठी केली जाणारी दोन बोटांची तथाकथित चाचणी करणे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

पतीने पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध बलात्कार मानला जात नाही, हा विवाहांतर्गत बलात्काराचा अपवाद मात्र कायम आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीला त्यातून वगळले. प्रौढ पत्नीच्या बाबतीत २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती परस्परविरोधी मतांवर थांबले, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तो अपवाद पुढे चालू ठेवला.