क्वेकर, शपथ आणि जप्ती: थोडी पार्श्वभूमी

17व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कोर्टाची पायरी चढायची तर शपथ घ्यावीच लागायची. मृत्युपत्र सिद्ध करायचंय, थकलेलं येणं वसूल करायचंय, साक्ष द्यायचीय, आधी शपथ. आणि क्वेकर मंडळी, म्हणजे सरकारी चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळा झालेला एक ख्रिस्ती पंथ, शपथ घ्यायचीच नाहीत, येशूने नको म्हटलंय, विषय संपला. त्यामुळे कुणी त्यांचं काही बळकावलं तरी त्यांना दाद मागणं महाकठीण, आणि हे सरकारच्या बरोब्बर लक्षात आलं होतं.

मार्गारेट फेलचंच बघा. लँकेशायरमधल्या स्वार्थमूर हॉलची मालकीण, एका जज्जची विधवा. घरी प्रार्थनासभा भरवते म्हणून पकडली आणि 1664 मध्ये कोर्टात तिच्यापुढे राजनिष्ठेची शपथ ठेवली. ती घेणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं! शिक्षा काय, तर प्रीमुनायर, म्हणजे राजाचं संरक्षण काढून घेतलं, मालमत्ता जप्त आणि जन्मठेप. मूळचा हा कायदा 14व्या शतकातला, पोपच्या कोर्टात धाव घेणाऱ्यांसाठी केलेला, आणि तो आता पोपला अजिबात न मानणाऱ्या बाईवर चालवला. 1668 मध्ये सुटली ती.

वारसाहक्काचंही तेच. क्वेकर लग्न पाद्र्याशिवाय, सभेत उभं राहून करायचे, मग नवरा वारला की भाऊबंद टपलेलेच, लग्नच खरं नाही तर पोराला जमीन कसली. 1661 मध्ये नॉटिंगहॅमला असाच दावा लागला तेव्हा जज्ज आर्चरने ज्युरीला आदम आणि हव्वेच्या लग्नाचा दाखला दिला, आणि निकाल पोराच्या बाजूने लागला. आपल्याला तर हा जज्ज जाम आवडला.

पण खरा दणका 1670 च्या कायद्याने दिला. घरच्या माणसांखेरीज 5 किंवा जास्त जण चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीबाहेरच्या प्रार्थनेला जमले तर हजर राहणाऱ्याला 5 शिलिंग दंड, प्रवचन देणाऱ्याला 20 पौंड, घर देणाऱ्यालाही 20 पौंड. ज्युरी नाही, मॅजिस्ट्रेटच ठरवणार, दंड नाही भरला तर घरातलं सामान उचलून विकायचं, एखादा गरीब असेल तर त्याचा दंड शेजारी बसलेल्याकडून काढायचा, आणि वसुलीचा एक तृतीयांश हिस्सा खबऱ्याला. खबऱ्यांचा धंदाच सुरू झाला म्हणा ना.

यावर क्वेकरांनी काय केलं, तर लिहून ठेवलं. कुणाकडे किती मागणी होती, नेलं काय आणि त्याची किंमत किती. चर्चचा दशमांश, म्हणजे चर्चला द्यावा लागणारा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, थोडका आणि नेलेली गुरं त्याच्या कितीतरी पट, असल्या नोंदी भरपूर. 1675-76 पासून लंडनमध्ये यासाठी खास बैठकच बसायला लागली आणि 1753 मध्ये जोसेफ बेसने या सगळ्याचे दोन जाडजूड खंड छापले. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक क्वेकर विल्यम पेन याने मात्र थेट कायद्याचाच मुद्दा काढला. 1675 च्या पुस्तिकेत तो म्हणतो की मालमत्ता हा इंग्रज माणसाचा मूळ हक्क आहे, धर्मावरून तो काढून घेता येणार नाही. पुढे 1687 मध्ये त्याने फिलाडेल्फियात मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडची 1215 ची हक्कांची सनद, छापून घेतला, या सनदेची अमेरिकेतली ती पहिलीच छपाई.

1689 मध्ये सभा भरवायला मोकळीक मिळाली. 1696 मध्ये शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा चालेल असंही झालं, पण त्याच कायद्यात 10 पौंडांपर्यंतचा थकलेला दशमांश मॅजिस्ट्रेटने झटपट वसूल करायची सोय घातली होती, त्यामुळे गुरं आणि धान्य उचलून नेणं पुढच्या शतकातही चालूच राहिलं.