गडाशेजारची नळयोजना : पुरातत्त्वाची परवानगी कुठे लागते, कुठे नाही

विजयदुर्गासारख्या गावात पाईपलाईनचं काम निघालं की ग्रामसभेत पाण्याआधी खणण्याचा विषय येतो. "किल्ल्याजवळ आहे, खातं सोडणार नाही," असं कुणीतरी म्हणतं आणि फाईल वर्षभर कपाटात बसते. बऱ्याच वेळा तशी गरज नसते.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या शंभर मीटरात नवं बांधकाम पूर्ण बंद झालं, सरकारी असलं तरी. ही अट सैल करणारं विधेयक २०१८ च्या जानेवारीत लोकसभेत मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. लोक इथपर्यंतच वाचतात आणि घाबरतात.

सवलत त्याच कायद्यात, 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येत आहे. लोकांना पाणी पुरवण्यासाठीची कामं आणि त्यांची देखभाल 'बांधकाम' धरू नये, असं कलम २ मध्येच लिहिलंय. गटारं, सार्वजनिक शौचालयं आणि वीजपुरवठ्याची कामंही त्याच रांगेत आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची किंवा जीवन प्राधिकरणाची जुनी गंजलेली लाईन बदलायची, तर बांधकामबंदी आड येत नाही.

'लोकांना' हा शब्द मात्र नीट वाचा. न्याहारी-निवासवाल्याने गच्चीवर स्वतःच्या टाकीसाठी खोली चढवली, तर ती नळयोजना होत नाही. त्याला रीतसर अर्जच करावा लागतो. प्रतिबंधित क्षेत्रात अर्ज फक्त दुरुस्तीचा, तोही १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीचा किंवा नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेल्या इमारतीचा. विनियमित क्षेत्रात नव्या बांधकामालाही परवानगी मागता येते. परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सवलतीला दुसरी मर्यादा संरक्षित हद्दीची. त्या रेषेच्या आत कलम १९ लागतं आणि केंद्राच्या परवानगीशिवाय खणता येत नाही, मग पाणी कितीही लोकांचं असो. सिंधुदुर्गाच्या तटाआत आजही घरं आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. तिथे नवी लाईन टाकायची तर सर्वेक्षण विभागाकडेच जावं लागेल. गंमत अशी की सिंधुदुर्गाभोवतीची वर्तुळं बरीचशी समुद्रात पडतात, आणि विजयदुर्गाची लोकांच्या अंगणात.

म्हणून मोजणी महत्त्वाची. अंतर बुरुजापासून नाही, अधिसूचित हद्दीपासून मोजायचं. एका फाईलमध्ये मी स्वतः टेप धरून बुरुजाच्या पायथ्यापासून ११८ मीटर मोजले होते. हद्द मात्र बुरुजाच्या बरीच बाहेर, एका माडाच्या बागेच्या गडग्याला लागून निघाली. सगळा नकाशा पुन्हा काढला. तेव्हापासून आधी संरक्षित हद्दीचा नकाशा मागतो, मग टेप काढतो.

सार्वजनिक कामाला परवानगी लागत नसली तरी गप्प बसून चर खणू नका. ग्रामसभेचा ठराव, तांत्रिक मंजुरी, अंदाजपत्रक, हद्द आणि अंतर दाखवणारा नकाशा, चराची रुंदी-खोली, जुन्या लाईनचे फोटो, एवढं जोडून सर्वेक्षण विभागाच्या मंडळ कार्यालयाला पत्र द्या. पत्रात व्याख्येचं कलम शब्दशः उतरवा आणि उत्तर लेखी मागा. पोच जपून ठेवा. उद्या साहेब बदलले की तीच कामाला येते. जांभ्यात ब्रेकर लावणार असाल तर तेही लपवू नका, हादऱ्याची शंका रास्त असते.

खाजगी अर्ज याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आराखडा, उंची, पायाची खोली, चारी बाजूंचे फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जावा, तिथून दोन महिन्यांत शिफारस यावी आणि पुढच्या महिन्यात निर्णय व्हावा, अशी कायद्यातली मुदत. कागदावर साडेतीन महिने. पावसाळा धरून हिशेब करा.

राज्य संरक्षित स्मारकाला १९६० चा राज्याचा कायदा लागतो, तिथे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारा. किनाऱ्यावरच्या कामाला सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, वेगळे, एकाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हा या गडांजवळच्या कामात पत्रव्यवहार आणखी चोख ठेवा.

आणि चरात नाणी, भांडं असं काही मौल्यवान लागलं, तर मुकादमाला आधीच सांगून ठेवा : काम थांबवायचं, वस्तू हलवायची नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयेच. तो आकडा कुणी बदललेला नाही.