शंभर वर्षांतला पाऊस, वीस वर्षांचं कर्ज

‘शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस’ असं ऐकलं की कुर्ल्यात तळमजल्यावर घर घेणारा माणूस निर्धास्त होतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी कोसळला, तो कोटा संपला. आता पुढचा नातवंडांच्या वाट्याला! (त्याच दिवशी कुलाब्यात ७४ मिमीही भरला नव्हता, त्यामुळे ‘मुंबईचा पाऊस’ म्हणणंही तसं धाडसाचंच.) पण पाऊस पाळी लावून येत नाही. या शब्दांचा अर्थ इतकाच, की तसा पाऊस कोणत्याही एका वर्षी पडण्याची शक्यता १ टक्का आहे. गेल्या वर्षी पडला म्हणून यंदा सुटका नाही.

आता कर्ज २० वर्षांचं. तेवढ्या काळात हा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता किती? पटकन उत्तर येतं, २० टक्के. याच हिशेबाने १५० वर्षांत १५० टक्के व्हायला हवेत, आणि शक्यता तर १००च्या पुढे जात नाही. घोटाळा असा, की २० वर्षांत पाऊस दोनदा आला तर नुसती बेरीज ती शक्यता दोनदा मोजते.

‘निदान एकदा’ दिसलं की गणित उलट्या बाजूने धरावं. एका वर्षी वाचण्याची शक्यता ०.९९. एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं, तर वीसही वर्षं वाचण्याची शक्यता म्हणजे ०.९९चा विसावा घात, सुमारे ०.८२. म्हणजे गाठण्याची १८ टक्के. १०० वर्षांत ती ६३ टक्के होते. निम्म्याच्या वर जायला ६९ वर्षं लागतात.

तरीही २० टक्क्यांचं उत्तर मला टाकाऊ वाटत नाही. बर्नोलीची असमानता हा गणितातला नियम सांगतो, की खरी शक्यता ‘वर्षं गुणिले वार्षिक शक्यता’ यापेक्षा कधीच जास्त नसते. म्हणजे तोंडी गुणाकार ही कमाल मर्यादा. शक्यता लहान आणि वर्षं थोडी असतील तर ती उत्तराच्या अगदी जवळ असते. शंभर वर्षांना मात्र कुचकामी.

समजा, हवामान बदलून १ टक्क्याचे २ झाले. वाढ किती? एक बातमी म्हणेल १०० टक्के, दुसरी म्हणेल १ टक्का. पहिली बरोबर आहे. दुसरीने ‘१ टक्केबिंदू’ (दोन टक्केवारींमधली सरळ वजाबाकी) म्हणायला हवं होतं. कर्जदाराला यातलं काहीच नको असतं. त्याचा आकडा १८वरून ३३ टक्क्यांवर गेलेला असतो.